पावसाळ्यानंतर शिवल्या मेल्या, म्हणजे रोगच आला का?

आधी प्रश्न सांगते. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय की तिच्या गावच्या खाडीत पाऊस संपल्यावर शिवल्यांच्या नुसत्या उघड्या शिंपा सापडतायत, आत मांस नाही, आणि शिवल्या काढणाऱ्या बायका म्हणतात यंदा रोग आलाय. तिला यावर प्रोजेक्ट करायचाय. थेट पीसीआर, म्हणजे डीएनएवरून परजीवी शोधायची चाचणी, करू का, अमेरिकेत क्लॅमना, म्हणजे तिकडच्या शिवल्यांना, होणारा क्यूपीएक्स हा रोग आपल्याकडे येऊ शकतो का, आणि असल्या शिवल्या खाल्ल्या तर माणसाला काही होतं का, असे तीन प्रश्न आहेत. मी मूळची कोकणातली, पण माझं सगळं काम अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर झालंय, क्लॅम आणि कालवांच्या रोगांवर, त्यामुळे तिकडचं आधी नीट सांगते आणि मग खाडीकडे येते.

पहिली गोष्ट, मरतूक वेगळी आणि रोग वेगळा. शिवली मेली हे डोळ्याला दिसतं, कशाने मेली हे दिसत नाही. मासा मेला तर तरंगतो, शिवली गाळात पुरलेली असते, ती मरते तेव्हा कुणाला कळतही नाही, मांस दोन-चार दिवसात खेकडे आणि बॅक्टेरिया संपवतात, आणि आपल्या हातात येते ती रिकामी शिंप. रिकाम्या शिंपेतून रोग शोधता येत नाही. त्यामुळे या विषयात जो माणूस मेलेल्यांचे नमुने गोळा करत बसतो त्याला उत्तर मिळत नाही, उत्तर मिळतं ते जिवंत आणि मरायला टेकलेल्या शिवल्यांमधून. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आता क्यूपीएक्स. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक जाड शिंपेचा क्लॅम असतो, मर्सिनेरिया मर्सिनेरिया, तिकडे त्याला क्वाहॉग म्हणतात. कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत सापडतो आणि त्याची शेती होते, म्हणजे हॅचरीत बीज तयार करायचं, भरतीओहोटीच्या पट्ट्यात वाळूत पेरायचं, खेकड्यांपासून वाचवायला वर जाळी टाकायची आणि दोन-तीन वर्षांनी काढायचं. क्यूपीएक्सचं पूर्ण रूप क्वाहॉग पॅरासाइट अननोन, म्हणजे क्वाहॉगचा अनोळखी परजीवी, कारण बरीच वर्षं हा जीव नक्की कुठल्या कुळातला हेच ठरत नव्हतं. कॅनडात न्यू ब्रन्सविकला १९६० च्या आगेमागे क्लॅम मेले तेव्हाही हाच असावा असं मानतात. पुढे १९८९ मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या एका हॅचरीत तो परत दिसला, आणि १९९५ ला मॅसॅच्युसेट्समध्ये प्रॉव्हिन्सटाउन आणि डक्सबरीला शेतीतल्या क्लॅममध्ये मोठी मरतूक झाली. वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीतल्या रॉक्सॅना स्मोलोवित्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या क्लॅमच्या ऊतींचं बारकाईने वर्णन छापलं, स्मोलोवित्झ स्वतः पशुवैद्यक आहेत, आणि माझ्या मते या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने तो पेपर आधी वाचावा, कारण रोगाने ऊतीत काय काय बदलतं ते ओळखायचं कसं हे त्यातून शिकायला मिळतं. २००२ ला न्यूयॉर्कजवळ रॅरिटन बेमध्ये तो सापडला, तिथे तर शेती नव्हती, निसर्गात वाढलेले क्लॅम होते. शेवटी २०२१ मध्ये त्याला रीतसर नाव मिळालं, म्युकोकायट्रियम क्वाहॉगी.

हा बॅक्टेरिया नाही, व्हायरस नाही, बुरशीही नाही. एकपेशीय जीव आहे, लॅबिरिंथुलोमायसीट या गटातला, आणि त्याचे भाऊबंद समुद्रात सडणाऱ्या पानांवर, शेवाळावर सगळीकडे असतात. हा सुद्धा शेवाळावर, गाळात आणि पाण्यात तरंगणाऱ्या कचऱ्याच्या गुठळ्यांमध्ये सापडलाय. इथे थोडं थांब, कारण यातच खरी गंमत आहे. जो जीव क्लॅमशिवायही मजेत राहू शकतो तो क्लॅमला मारतो कधी आणि का, हा प्रश्न परजीवीचा राहत नाही, तो क्लॅमचा आणि त्याच्या परिसराचा होतो. अशाला संधिसाधू परजीवी म्हणतात. कित्येक ठिकाणी तो पाण्यात आहे, क्लॅममध्येही थोडाफार आहे आणि मरतूक मात्र शून्य.

आजारी क्लॅम दिसतो कसा? तो वाळूत खोल बसायच्या ऐवजी वर येतो, शिंपेच्या कडा खरवडल्यासारख्या तुटलेल्या असतात, शिंप नीट मिटत नाही, आत मॅन्टलच्या, म्हणजे शिंपेला आतून लागून असलेल्या मांसल पडद्याच्या, कडेला सूज आणि पिवळट गाठी दिसतात, त्यात वाळू अडकलेली असते. स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघितलं की परजीवीच्या गोल पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या भोवती एक रिकामं स्वच्छ वलय. ते वलय म्हणजे त्याने सोडलेला चिकट म्युकस. क्लॅमला आपल्यासारख्या अँटीबॉडी नसतात, त्याचं सगळं संरक्षण रक्तातल्या हीमोसाइट नावाच्या पेशींवर, त्या परक्या जीवाला घेरतात, गिळतात, पण या म्युकसमुळे त्यांना जवळच जाता येत नाही. अँटीबॉडी नाहीत म्हणजे लस नाही. आणि उघड्या समुद्रात औषध घालायचं कुठे? म्हणून क्लॅमच्या रोगावर इलाज असा नसतोच, असतं ते फक्त व्यवस्थापन, कुठलं बीज, किती दाट, कुठे, कधी काढायचं एवढंच आपल्या हातात.

बीजाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. उत्तरेकडच्या काही शेतकऱ्यांनी दक्षिणेकडून, साउथ कॅरोलिना, फ्लोरिडाकडून बीज आणलं होतं. मग न्यू जर्सीत आणि व्हर्जिनियात संशोधकांनी वेगवेगळ्या राज्यांचं बीज एकाच जागी शेजारी शेजारी पेरून बघितलं. परजीवी तोच, पाणी तेच, वाळू तीच, आणि दक्षिणेकडच्या वाणाला रोग भरपूर लागला, मॅसॅच्युसेट्स-न्यू जर्सीच्या वाणाला खूप कमी. एवढ्या साध्या प्रयोगाने जे कळलं ते नुसता परजीवी मोजत बसून कधी कळलं नसतं. क्लॅम ज्या थंडीत पिढ्यानपिढ्या वाढला नाही तिथे त्याला नेलं की त्याचं संरक्षण ढिलं पडतं.

आणि थंडीचा संबंध पुढे लाँग आयलंडच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या प्रयोगांत स्पष्ट झाला. लॅबमध्ये हा परजीवी वीस अंशांच्या थोडा वर सगळ्यात छान वाढतो, म्हणजे उन्हाळ्यात रोग जास्त हवा असं कुणालाही वाटेल. पण क्लॅमना वेगवेगळ्या तापमानात ठेवलं तर १३ अंशाला रोग आणि मरतूक जास्त, २७ अंशाला कमी, आणि आधी लागण झालेले काही क्लॅम गरम पाण्यात चक्क बरे झाले, गाठी भरून आल्या. कारण गरम पाण्यात क्लॅमच्या हीमोसाइट पण जोरात काम करतात. मला विचारशील तर शिंपल्यांच्या रोगांवरच्या कामातला हा सगळ्यात शिकवणारा निकाल आहे. व्हर्जिनियाच्या खाली हा रोग सापडत नाही याचा अर्थही इथे लागतो. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आलं बघ, हा परजीवी आजवर क्वाहॉगमध्येच रोग करताना आढळलाय आणि तोही थंड पाण्यात, कोकणातल्या अठ्ठावीस-तीस अंशांच्या खाडीत त्याची काळजी करायचं मला तरी कारण दिसत नाही.

पण म्हणून सगळेच रोग थंडीचे असतात असं नाही, उलट आपल्या दृष्टीने महत्त्वाचा रोग नेमका गरम आणि खाऱ्या पाण्याचा आहे, पर्किन्सस. याची गोष्ट लुइझियानाची. १९४० च्या दशकात तिथे कालवं मरायला लागली, कालववाल्यांनी तेलकंपन्यांना कोर्टात खेचलं, आणि कारण शोधायला जे संशोधक नेमले त्यांना तेलाऐवजी एक परजीवी सापडला, १९५० मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं. तेव्हा त्याला बुरशी समजून डर्मोसिस्टिडियम नाव दिलं म्हणून आजही शेतकरी डर्मो म्हणतात, आताचं नाव पर्किन्सस मरिनस. १९५२ ला सॅमी रे यांनी त्याची एक चाचणी काढली जी आजही वापरतात आणि जी तुला तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये करता येईल. कल्ल्याचा छोटा तुकडा थायोग्लायकोलेट माध्यमात अँटिबायोटिक घालून अंधारात पाच ते सात दिवस ठेवायचा, परजीवीच्या पेशी फुगून मोठ्या होतात, मग ल्युगोल आयोडिन टाकलं की त्या निळ्या-काळ्या दिसतात. साधा मायक्रोस्कोप पुरतो. एवढी स्वस्त आणि भरवशाची चाचणी हातात असताना मुलं आधी पीसीआरच्या किटसाठी पैसे मागत फिरतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच कुळातला पर्किन्सस ओल्सेनी हा क्लॅमचा मोठा शत्रू, १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात अबालोन या समुद्री गोगलगायीत त्याचं वर्णन झालं, कोरिया, जपान, स्पेन, पोर्तुगालमध्ये क्लॅममध्ये आहे, आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नोंदवायच्या रोगांच्या यादीत आहे. भारतातही सेंट्रल मरीन फिशरीज रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तो मोत्याच्या कालवांमध्ये दाखवलाय, आणि पर्किन्सस बैहायेन्सिस खाण्याच्या कालवांमध्ये. म्हणजे हे कुळ आपल्याकडे आहे. पण आहे म्हणजे मारतंय असं नाही, हे परत सांगते.

पीसीआरचं दुखणं हेच आहे. पीसीआर सांगतो की या तुकड्यात अमुक परजीवीचा डीएनए आहे. क्लॅम दिवसभर पाणी गाळत असतो, त्याच्या कल्ल्यावर, पोटात, खाडीतल्या सगळ्यांचा डीएनए असतो. परजीवी ऊतीत शिरलाय का, वाढतोय का, ऊती मोडतोय का, क्लॅमने प्रतिकार केलाय का, हे फक्त हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतीचा पातळ काप रंगवून केलेल्या, स्लाइडवर दिसतं. शिवाय पीसीआर तुम्ही जे शोधताय तेवढंच शोधतो. स्लाइडवर न शोधलेलं पण दिसतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे क्लॅमचा कॅन्सर. सॉफ्टशेल क्लॅम, माया अरेनारिया, यात रक्ताच्या कॅन्सरसारखा आजार १९७० च्या दशकापासून स्लाइडवर दिसत होता, प्रदूषण, व्हायरस असे तर्क चालू होते. २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की मैलोन्‌मैल लांबच्या क्लॅममधल्या कॅन्सरपेशी एकमेकांशी जुळतात पण ज्या क्लॅममध्ये आहेत त्याच्याशी जुळत नाहीत. म्हणजे कॅन्सरची पेशीच पाण्यातून एका क्लॅममधून दुसऱ्यात जाते. कधीकाळी एका क्लॅमला झालेला कॅन्सर तो क्लॅम मेला तरी जिवंत आहे, आणि २०२३ च्या जीनोम अभ्यासात त्याचं वय दोनशे वर्षांच्या वर निघालं. २०१६ मध्ये शिनाणे, कॉकल अशा आणखी शिंपल्यांच्या जातींमध्ये असेच कॅन्सर सापडले आणि स्पेनमधल्या एका क्लॅममधला तर दुसऱ्याच जातीतून आलेला निघाला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आपण इतकी वर्षं स्लाइडवर जे बघत होतो त्याचा अर्थ एका दिवसात बदलला असं वाटलं. ज्यांनी चाळीस वर्षं धीराने स्लाइड जपून ठेवल्या त्यांच्यामुळेच हे कळायला जमीन तयार झाली.

एक एमएसएक्स, म्हणजे कालवांना होणारा आणखी एक परजीवी रोग, पण सांगून पुढे जाते, कारण रोग किती चिवटपणे गूढ राहू शकतो ते त्यात दिसतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९५७ ला डेलावेअर बे आणि १९५९ ला चेसापीक बे इथे तो आला, कालवांचा धंदा बसला. हा परजीवी आशियातल्या कालवांकडून आला, एका कालवातून दुसऱ्यात थेट लागत नाही, मधे कुणीतरी यजमान असावा आणि तो आजपर्यंत सापडलेला नाही. जुलै २०२४ मध्ये तो प्रिन्स एडवर्ड आयलंडला पोचला. रटगर्स विद्यापीठाने मात्र १९६० च्या दशकापासूनच जी कालवं वाचली त्यांचीच पुढची पिढी काढत टिकाऊ वाण तयार केले, आणि आज तिकडची शेती अशा वाणांमुळे उभी आहे. क्वाहॉगमध्येही आता जीनोम बघून तसं बीज निवडायचं काम चालू आहे.

बरं, आता तुझी खाडी. तू म्हणतेस पाऊस संपल्यावर शिंपा सापडल्या. माझा पहिला संशय परजीवीवर जातच नाही, गोड्या पाण्यावर जातो. जून ते सप्टेंबर आपल्या नद्या एवढं पाणी आणतात की खाडीच्या वरच्या भागात क्षारता जवळजवळ शून्यावर येते. शिवली शिंपा घट्ट मिटून बसते, आत ऑक्सिजनशिवाय थोडे दिवस काढते, पण सलग मोठा पाऊस लागला तर किती दिवस काढणार? त्यात नदीने आणलेला गाळ वरून बसला तर गुदमरते, आणि वाळूउपशाने तळ खरवडला असेल तर ती बसेल कुठे हाच प्रश्न. अशा जागी गाळ काळा असतो, खणला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. पर्किन्ससला उलट गोडं पाणी मानवत नाही, खारं आणि गरम पाणी लागतं. म्हणजे तो आपल्याकडे असलाच आणि त्रास देत असलाच तर संशयाचे महिने फेब्रुवारी ते मे, पावसाळा नाही. तुझ्या गावच्या बायका ज्याला रोग म्हणतात ती वेळच रोगाच्या विरोधात जाते. पण त्यांना खोटं ठरवू नकोस, त्यांना नीट विचार. कुठल्या पट्ट्यात मेल्या, वरच्या अंगाला का मुखाकडे, मोठ्या मेल्या का बारक्या, आधीच्या वर्षी कधी असं झालं होतं, शिवल्या मरण्याआधी वर आल्या होत्या का. खाडीचा तळ रोज हाताने आणि पायाने चाचपणाऱ्या माणसांएवढी माहिती कुठल्याच रिपोर्टात नसते, तिकडे मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड किनाऱ्यालाही रोगाची पहिली खबर शेतकऱ्यांकडूनच यायची.

मग काम असं कर. खाडीच्या मुखापासून वरपर्यंत काही जागा ठरव, प्रत्येक जागी ठराविक मापाची चौकट टाकून आतलं सगळं चाळ, जिवंत किती, आणि दोन्ही शिंपा बिजागरीला जोडलेल्या पण रिकाम्या किती ते मोज. जोडलेली शिंप म्हणजे हल्लीचं मरण, सुटी झालेली म्हणजे जुनं. शिंपेवर गोल सफाईदार भोक असेल तर ते गोगलगायीने पाडलंय, कडा फोडलेल्या असतील तर खेकडा, हे वेगळं लिही, कारण शिवल्यांचा सगळ्यात मोठा मारेकरी बहुतेक वेळा कुणाचं तरी भुकेलं तोंडच असतं आणि रोगाच्या नादात ते विसरलं जातं. दर वेळी क्षारता आणि तापमान घे, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कॉलेजात असेलच. हे वर्षभर, दर महिन्याला. कंटाळा येईल पण निरोगी खाडी महिन्यागणिक कशी दिसते हे माहीत नसेल तर आजारी कशी दिसते ते ओळखणार कशावरून?

नमुन्यांचं गणित पण लक्षात ठेव. मोठ्या साठ्यात शंभरातल्या दहा शिवल्यांना रोग असेल तर किमान एक तरी सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ३० जिवंत शिवल्या तपासाव्या लागतात. शंभरात पाच असतील तर ६०, दोनच असतील तर १५०. पाच-दहा शिवल्या तपासून रोग नाही असं लिहिलेले प्रबंध मी वाचलेत, त्या लिहिण्याला अर्थ नाही.

प्रत्येक शिवली उघडल्यावर आधी कल्ला आणि मॅन्टलचा बारीक तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाक, तो पुढे कधी पीसीआर लागला तर, कारण फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्याचा डीएनए खराब होतो. दुसरा तुकडा थायोग्लायकोलेटला. मग मधून आडवा काप, तीन ते पाच मिलिमीटर जाड, ज्यात मॅन्टल, कल्ला, पचनग्रंथी, जननग्रंथी सगळं येईल, तो डेव्हिडसन फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या मिश्रणात, द्रव कापाच्या दसपट तरी हवा, एक-दोन दिवसांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलव. जाड काप किंवा कमी द्रव असला की आतलं सडतं आणि स्लाइडवर सडलेली ऊती रोगट दिसते. जननग्रंथीची अवस्था पण लिही, अंडी सोडून झालेली शिवली आधीच थकलेली असते आणि तिची मरतूक वेगळी मोजावी लागते.

खाण्याचं म्हणशील तर क्यूपीएक्स, पर्किन्सस, एमएसएक्स, क्लॅमचा कॅन्सर, यातलं काहीही माणसाला होत नाही, हे जीव माणसात जगत नाहीत. माणसाला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टींनी. सांडपाण्यातले विषाणू, गरम पाण्यातले व्हिब्रिओ बॅक्टेरिया, आणि काही प्लवकांचं विष. यातलं तिसरं घातक, कारण ते शिजवून जात नाही आणि शिवली बाहेरून एकदम ठणठणीत दिसते. १९८३ मध्ये मंगळूरच्या बाजूला शिंपले खाऊन अशी पक्षाघाती विषबाधा झालेली आहे. म्हणून पाण्याला अचानक लाल-तपकिरी रंग आला असेल त्या दिवसांत शिवल्या खाऊ नयेत, आणि गटाराच्या तोंडाजवळच्या कधीच नाहीत. ज्या आपोआप उघड्या पडल्यात आणि टिचकी मारली तरी मिटत नाहीत त्या मेलेल्या, त्या टाकून द्यायच्या, घरातल्या बायका हे करतातच.

प्रोजेक्टला एकच वर्ष असेल तर ऑक्टोबरला सुरू कर, म्हणजे पाणी परत खारं होताना वाचलेल्या शिवल्या मिळतील, आणि मार्च-एप्रिलचे नमुने कुठल्याही परिस्थितीत चुकवू नकोस. थायोग्लायकोलेटला निळ्या-काळ्या गोल पेशी दिसल्या तर लगेच पर्किन्सस जाहीर करू नकोस, आधी त्याच शिवल्यांच्या स्लाइड बघ, मग अल्कोहोलमधले तुकडे काढ आणि तेव्हा पीसीआर कर, जात कुठली हे सांगायला तो लागेलच. स्लाइडचे फोटो पाठव, चारशेपट मोठे करून, आणि खाली कुठल्या महिन्यातली, कुठल्या जागेची, त्या दिवशीची क्षारता किती ते लिहून. नुसत्या फोटोवर मी काही सांगू शकणार नाही.